मोटारीच्या पुढील दिव्याचा बल्ब बदलणे

मोटारीच्या पुढील दिव्याचा, म्हणजेच रूढ भाषेत हेडलाइटचा, बल्ब बदलणे हे वाहनाच्या देखभालीतील एक मूलभूत काम होय. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत भारतातील बहुतेक मोटारींत हे काम चालक स्वतः, रस्त्याच्या कडेला, एका पेचकसाच्या साहाय्याने उरकू शकत असे. एकविसाव्या शतकातील अनेक मोटारींत मात्र त्यासाठी बॅटरी, एअर फिल्टरची पेटी, चाकावरील प्लास्टिकचे अस्तर किंवा क्वचित संपूर्ण पुढील बंपर काढावा लागतो. एलईडी दिव्यांच्या बहुसंख्य मोटारींत तर बदलता येईल असा बल्बच नसतो. दिवा बिघडल्यास तो सगळाच बदलावा लागतो. महाराष्ट्रात नाशिक हे मोटारनिर्मितीचे एक प्रमुख केंद्र असून जिल्ह्यात घाटरस्तेही बरेच आहेत. त्यामुळे दिव्यांच्या रचनेत झालेला हा बदल आणि त्याचे रस्त्यावरील परिणाम दोन्ही तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

बल्ब उडणे ही घटना किरकोळ वाटली तरी तिचे परिणाम किरकोळ नसतात. एकच दिवा चालू असलेली मोटार अंधारात समोरून येणाऱ्यास दुचाकी भासते. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने उजवा, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडील, दिवा बंद पडणे अधिक धोक्याचे असते. समोरच्या चालकाला फक्त कडेचा डावा दिवा दिसतो. एखादी मोटारसायकल कडेने येत आहे असे समजून तो मधली जागा मोकळी धरतो, आणि त्याच जागेत मोटारीचा उरलेला भाग असतो.

बल्बचे प्रकार

पुढील दिव्यात प्रकाशाचा उगम, परावर्तक आणि पुढची काच असे तीन मुख्य भाग असतात. दूरवर पडणाऱ्या झोताला भारतात ‘अप्पर’ आणि खाली वळवलेल्या झोताला ‘डिपर’ म्हणतात. भारतीय मोटारींत सर्वाधिक परिचित असलेला एच४ हा हॅलोजन बल्ब या दोन्ही झोतांसाठी दोन स्वतंत्र तंतू बाळगतो. १२ व्होल्टच्या एच४ बल्बचा अप्परचा तंतू ६० वॅटचा व डिपरचा ५५ वॅटचा असतो. डिपरच्या तंतूखाली धातूची एक लहानशी वाटी असते. ती परावर्तकाच्या खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश अडवते आणि त्यामुळेच डिपरचा झोत वर उसळत नाही. एच१, एच७ व एच११ या बल्बांत एकच तंतू असल्यामुळे ते वापरणाऱ्या मोटारींत अप्पर आणि डिपर यांचे बल्ब वेगवेगळे असतात. दोन बाजूंचे मिळून चार बल्ब, म्हणजे बदलण्याची वेळ येण्याच्या शक्यताही तितक्याच अधिक.

हॅलोजन बल्बच्या काचेत आयोडीन किंवा ब्रोमीन यांची संयुगे अल्प प्रमाणात असतात. तापलेल्या तंतूवरून उडालेले टंगस्टनचे कण या वायूशी संयोग पावतात आणि पुन्हा तंतूजवळ येऊन त्यावर बसतात. काच काळी पडू नये आणि तंतू अधिक तापवूनही टिकावा, हे या चक्रामुळे साधते. त्यासाठी काचेचे तापमान २५० अंश सेल्सिअसहून अधिक राहावे लागते, म्हणून ही काच साध्या काचेची नसून क्वार्ट्झची किंवा कठीण काचेची असते. तिला बोट लागल्यास त्वचेवरील तेल व क्षार तेथे राहतात, तो भाग तापून दुबळा होतो आणि बल्ब अकाली फुटू शकतो. बल्ब काचेला न शिवता बसवावा, ही सूचना प्रत्येक वेष्टनावर असते. प्रत्यक्षात ती पाळणे कठीण जाते, कारण जिथे बोटेच जेमतेम पोचतात तिथे बल्ब कुठे धरायचा याची निवड फारशी उरत नाही.

बल्बचे आयुष्य विद्युतदाबावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. दाब ठरलेल्या मर्यादेपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी वाढला तरी आयुष्य जवळजवळ निम्मे होते. खड्ड्यांचे हादरे हे बल्ब उडण्याचे दुसरे मोठे कारण.

पूर्वीची व्यवस्था

अमेरिकेत १९४० पासून ‘सील्ड बीम’ पद्धतीचा दिवा सक्तीचा झाला. त्यात तंतू, परावर्तक व काच एकाच बंद भांड्यात असत. तंतू तुटला की संपूर्ण भांडे फेकून नवे बसवायचे, पण सर्व मोटारींत एकाच आकाराचे भांडे असल्याने ते कुठेही स्वस्तात मिळे. युरोपने वेगळी वाट धरली. तेथे परावर्तक कायम ठेवून फक्त बल्ब बदलण्याची पद्धत रूढ झाली. १९६२ मध्ये एच१ आणि १९७१ मध्ये दोन तंतूंचा एच४ हे हॅलोजन बल्ब तेथेच प्रचारात आले. भारताने पुढे मुख्यतः हीच पद्धत स्वीकारली.

अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी आणि जीप या गाड्यांचे पुढील दिवे गोल असत. दिव्याभोवतीची चकचकीत कडी काढून काही स्क्रू सैल केले की दिवा समोरून हातात येई. बॉनेट उघडण्याचीही गरज नसे. १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे दिवे चौकोनी होते व बल्ब मागून बदलावा लागे, परंतु छोट्या इंजिनाभोवती बॉनेटखाली हात घालण्यास भरपूर जागा होती. त्या काळात लांबच्या प्रवासाला निघणारे अनेक चालक हातमोजाच्या कप्प्यात दोन जादा बल्ब आणि फ्यूज बाळगत. ट्रकचालकांत ही सवय आजही आढळते.

अडचणीची कारणे

हा बदल कोणा एका कारणाने घडला नाही. सर्वांत मोठे कारण जागेचे आहे. वातानुकूलन यंत्रणा, पॉवर स्टिअरिंग, एबीएस आणि टर्बोचार्जर यांचे भाग बॉनेटखाली आले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या उत्सर्जन मानकांमुळे धूर शुद्ध करणारी उपकरणेही अनेक गाड्यांत इंजिनाला लागूनच बसवली गेली. त्याच वेळी प्रवाशांना आत अधिक जागा मिळावी म्हणून इंजिनाचा कप्पा आखूड होत गेला. परिणामी दिव्याच्या अगदी मागे एका बाजूला बॅटरी आणि दुसऱ्या बाजूला एअर फिल्टरची पेटी किंवा काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीचे नळकांडे येते. एकाच गाडीचा एक बल्ब पाच मिनिटांत आणि दुसरा तासाभरात बदलला जातो, यामागचे कारण बहुधा हेच असते.

दुसरे कारण आकाराचे. हवेचा विरोध कमी करण्यासाठी आणि दर्शनी रूपासाठी दिवे मागे फेंडरपर्यंत लांबवले गेले. काचेऐवजी पॉलिकार्बोनेट वापरता येऊ लागल्याने हव्या त्या वळणाचा दिवा घडवणे शक्य झाले. असा दिवा गाडीला ज्या स्क्रूंनी जोडलेला असतो त्यांपैकी एखाद-दुसरा बंपरच्या आड जातो. मग बल्बसाठी दिवा, दिव्यासाठी बंपर आणि बंपरसाठी चाकाजवळच्या प्लास्टिकच्या खुंट्या अशी साखळी तयार होते. या खुंट्या एकदा काढल्या की सहसा तुटतात आणि नव्या घ्याव्या लागतात. फ्रान्सच्या रेनॉ कंपनीच्या मेगान या मोटारीच्या दुसऱ्या पिढीत चाकाच्या कमानीतील अस्तराला एक लहान झडप ठेवून तेथून हात घालण्याची सोय केली होती. युरोपात हे उदाहरण सोयीपेक्षा गैरसोयीचे म्हणूनच अधिक प्रसिद्ध झाले.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ४८ क्रमांकाच्या नियमात याची दखल घेतली आहे. गाडीबरोबर दिलेल्या हत्यारांखेरीज इतर खास हत्यारांची गरज न पडता प्रकाशस्रोत योग्य रीतीने बदलता आला पाहिजे, आणि त्याची सविस्तर कृती उत्पादकाने गाडीसोबत दिली पाहिजे, अशी त्यात तरतूद आहे. तथापि ज्या दिव्यांतील प्रकाशस्रोत मुळातच बदलता येत नाही ते, तसेच झेनॉन दिवे, या तरतुदीतून वगळलेले आहेत. म्हणजे बल्ब बदलणे अवघड करण्यास नियमाची आडकाठी आहे, पण बल्बच काढून टाकण्यास नाही. एलईडी दिव्यांचा प्रसार प्रकाशाच्या गुणवत्तेमुळे व विजेच्या बचतीमुळे झाला हे खरे. पण उत्पादकाची या बंधनातूनही त्यामुळे सुटका झाली, हेही नोंदवण्याजोगे आहे.

बदलण्याची पद्धत

एच४ बल्ब बदलण्याची कृती बहुतेक गाड्यांत सारखीच असते. प्रथम दिवे व इंजिन बंद करून बल्ब थंड होऊ द्यावा. नुकताच विझलेला हॅलोजन बल्ब हात भाजण्याइतका तापलेला असतो. त्यानंतर बल्बच्या मागील तीन पात्यांचा होल्डर सरळ मागे ओढून काढावा. वायर धरून ओढू नये. मग रबरी टोपी काढावी. बल्ब तारेच्या एका कमानीने, म्हणजे स्प्रिंग क्लिपने, दाबून धरलेला असतो. ती क्लिप आत दाबून बाजूला सरकवली की बल्ब मोकळा होतो. न दिसणाऱ्या जागी केवळ बोटांच्या अंदाजाने करायचे हे काम सर्व कृतीत अवघड असते. क्लिप निसटून दिव्याच्या आत किंवा इंजिनाच्या कप्प्यात पडल्यास संपूर्ण दिवा काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. काम सुरू करण्यापूर्वी क्लिप कशी बसली आहे याचे मोबाइलने छायाचित्र घेऊन ठेवणे किंवा दिव्यामागे छोटा आरसा धरणे उपयोगी पडते.

नवा बल्ब त्याच्या धातूच्या तबकडीला धरून बसवावा. तबकडीला तीन कान असतात व त्यांची मांडणी विषम असल्यामुळे बल्ब एकाच स्थितीत नीट बसतो. बळ लावावे लागत असेल तर बल्ब चुकीच्या स्थितीत आहे असे समजावे. काचेला हात लागल्यास ती स्पिरिटने स्वच्छ करावी. रबरी टोपी सर्व बाजूंनी घट्ट बसवणे महत्त्वाचे असते, कारण तिच्यातून शिरलेली ओल परावर्तकाची चकाकी घालवते आणि मग नव्या बल्बचाही उजेड मंद पडतो. एका बाजूचा बल्ब उडाला की दुसऱ्या बाजूचाही त्याच वयाचा असतो. म्हणून दोन्ही एकाच वेळी बदलण्याची शिफारस केली जाते.

शेवटी झोताची दिशा पाहावी. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटर अंतरावर गाडी उभी केली असता डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा सुमारे दहा सेंटिमीटर खाली असावी आणि डाव्या बाजूस किंचित चढती असावी. बल्ब तिरका बसला असल्यास ही कड अस्पष्ट होते.

झेनॉन दिव्यांबाबत मात्र घरगुती प्रयत्न टाळावेत. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेतील मोटारीत प्रथम आलेल्या या दिव्यांत वायूमध्ये ठिणगी पाडण्यासाठी २०,००० व्होल्टहून अधिक दाब क्षणभर निर्माण केला जातो.

जादा वॅट आणि एलईडीचे बदल

उजेड अपुरा वाटल्याने ६०/५५ वॅटऐवजी १००/९० वॅटचे बल्ब बसवण्याची प्रथा भारतात जुनी आहे. मूळ वायरिंग इतक्या प्रवाहासाठी बनवलेले नसते. होल्डरचे प्लास्टिक वितळणे, पाती काळी पडणे आणि परावर्तकाचा मुलामा उडणे हे त्याचे नेहमीचे परिणाम होत. पुढच्या वेळी बल्ब बदलताना होल्डर पात्यांना चिकटून बसलेला आढळतो, तो यामुळेच. रिले असलेले स्वतंत्र वायरिंग जोडल्यास तारा वाचतात. समोरच्याचे डोळे मात्र वाचत नाहीत.

हॅलोजनच्या जागी तसाच तळ असलेला एलईडी बल्ब घालण्याची प्रथा अलीकडची आहे. परावर्तकाचा आकार तंतूच्या नेमक्या जागेवरून आखलेला असतो आणि एलईडीच्या चपट्या चकत्या त्या जागेवर तंतोतंत येत नाहीत. त्यामुळे प्रकाश भरपूर पण अस्ताव्यस्त पडतो. चालकाला जवळचा रस्ता लख्ख दिसतो, दूरचा दिसत नाही आणि समोरचा दिपून जातो. शिवाय मागे पंखा किंवा उष्णता शोषणारा धातूचा भाग असल्याने रबरी टोपी नीट बसत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपापासून वाहनात फरक करण्यावर बंधने आहेत.

एकसंध एलईडी दिवे

कारखान्यातूनच एलईडी दिवे बसवलेल्या मोटारींत प्रकाशाच्या चकत्या, त्यांना थंड ठेवणारा धातू आणि नियंत्रक हे दिव्याच्या बंद भांड्यात असतात. चकत्या सहसा वर्षानुवर्षे टिकतात. बिघडतो तो बहुधा नियंत्रक, किंवा आत ओल शिरते, किंवा एखादा दगड लागून पुढची काच तडकते. काच आणि भांडे चिकट रबरी लेपाने सांधलेले असल्यामुळे अधिकृत दुरुस्ती म्हणजे सबंध दिवा बदलणे. काही स्थानिक कारागीर दिवा भट्टीत तापवून लेप मऊ करतात, काच सोडवतात आणि आतील भाग बदलतात; अशा दिव्यात पुढे ओल धरण्याचा धोका राहतो. महागड्या मोटारींत नवा दिवा बसवल्यावर तो गाडीच्या संगणकाला ओळखू यावा म्हणून त्याची नोंदही करावी लागते.

हॅलोजन बल्ब काही शे रुपयांत मिळतो. एलईडीचा सबंध दिवा अनेक गाड्यांत हजारोंच्या घरात जातो. विमा असल्यास अपघातात फुटलेल्या दिव्याची भरपाई मिळते, पण नेहमीच्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. अपघाताविना आपोआप बंद पडलेला दिवा विद्युत बिघाडात मोडतो आणि तो विम्याबाहेर असतो.

नाशिकमधील चित्र

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा मोटार कारखाना आहे. बोलेरो आणि २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ या गाड्यांमुळे तो देशभर परिचित झाला. दिव्यांच्या रचनेतील दोन कालखंड याच कारखान्याच्या उत्पादनांत शेजारी-शेजारी दिसतात. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या थार या गाडीला जीपच्या परंपरेतील गोल दिवे असून त्यांत हॅलोजन बल्ब आहेत. २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्सचे दिवेही गोलाकारच आहेत, पण ते एलईडीचे आहेत. दुरून दोन्ही सारखेच वाटतात. बंद पडल्यावर मात्र एकीचा मालक बल्ब आणायला जातो आणि दुसरीचा मालक गाडी घेऊन कार्यशाळेत जातो.

जिल्ह्यातील रस्त्यांचे स्वरूप पाहता हा फरक महत्त्वाचा ठरतो. मुंबई–आग्रा महामार्गावरील कसारा घाटात आणि इगतपुरीच्या परिसरात पावसाळ्यात दाट धुके व मुसळधार पाऊस असतो. तेथे चढ-उताराच्या वाटा वेगळ्या असल्याने समोरासमोरचा धोका कमी आहे. नाशिक–पेठ मार्गावरील सावळ घाटात किंवा नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाणाऱ्या वळणांच्या रस्त्यावर तशी सोय नाही. लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील बाजार समित्यांकडे कांदा घेऊन जाणारे ट्रॅक्टर आणि पिकअप पहाटेच्या अंधारातच निघतात. या वाहनांचे दिवे साधे, बल्ब सहज बदलता येणारे असतात. तरीही एका दिव्यावर चालणारी वाहने त्यांतही कमी नाहीत; म्हणजे सोपेपणा असला तरी लक्ष हवेच.

रस्त्यालगतच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानांना नव्या गाड्यांचे काम कमी मिळते. बंपर काढताना रंग खरवडला किंवा एखादा सेन्सर निखळला तर त्याची जबाबदारी आपल्यावर येईल, ही भीती त्यामागे असते. अंगठ्याएवढ्या पोकळीत हात घालून क्लिप बसवण्याचे कसब मात्र याच कारागिरांकडे आहे, आणि ते कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही. पुस्तिका बहुतेक वेळा ‘अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा’ या एका वाक्यावर विषय संपवते.

कायदा आणि तपासणी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०५ व्या नियमात अंधारात दिवे लावण्यासंबंधी, तर १०६ व्या नियमात झोत खाली वळवण्यासंबंधी तरतुदी आहेत. वाहनासमोर ८ मीटरवर असलेल्या आणि १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीस झोताने दिपवू नये, अशी कसोटी त्यात दिली आहे. दिव्यांच्या बसवणुकीचे भारतीय मानक एआयएस-००८ हे असून ही मानके पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेमार्फत प्रसिद्ध होतात.

हे नियम गाडी नवी असताना काटेकोर लागू होतात. नंतरची तपासणी सर्वांना सारखी नाही. व्यावसायिक वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यात दिव्यांची तपासणी होते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. मधल्या काळात मालकाला नियमाने करावी लागणारी नियतकालिक चाचणी प्रदूषण नियंत्रणाची, आणि ती फक्त धुराची असते. दिवा लागतो का, झोत कुठे पडतो, हे दीड दशकात कोणी अधिकृतपणे पाहिलेच नाही, असे सहज घडू शकते. बल्ब बदलणे जितके अवघड आणि महाग, तितकी ते पुढे ढकलण्याची प्रवृत्ती अधिक. आणि ते पुढे ढकलल्याचे कोणाच्या लक्षात येण्याची शक्यता कमी.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे त्यात समाविष्ट आहेत. दुरुस्तीच्या पुस्तिका, सुट्या भागांची उपलब्धता व किमती आणि हमीची माहिती उत्पादकांनी तेथे द्यावी अशी कल्पना आहे. दिव्याच्या आतील नियंत्रक किंवा पुढची काच स्वतंत्र सुटा भाग म्हणून विकण्याची सक्ती त्यात नाही.